मोटारसायकल चालविताना : भरवसा सवयीवर नको, सरावावर हवा

ग्रामीण भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दूध संकलन केंद्रावर कॅन पोचविणे, रात्री विहिरीवरची मोटार चालू करण्यासाठी मळ्यात जाणे, तालुक्याहून बी-बियाणे व औषधे आणणे, मुलांना शाळेत सोडणे ही सारी कामे तिच्यावरच होतात. औजारांच्या यादीत तिचे नाव कोणी घेत नसले, तरी वर्षाचे ३६५ दिवस वापरात असणारे शेतकऱ्याचे दुसरे औजार क्वचितच सापडेल.

असे असूनही ती चालविण्याचे शिक्षण मात्र आपण घेत नाही. नवा खोंड एकदम नांगराला कोणी जुंपत नाही. आधी मानेवर जू ठेवून, जाणत्या बैलाच्या जोडीला लावून त्याला हळूहळू शिकवितात. मोटारसायकलचे तसे होत नाही. थोरला भाऊ मागे बसतो, क्लच आणि गिअर दाखवितो, दोन-चार दिवस गावाबाहेरच्या रस्त्यावर चकरा होतात आणि शिक्षण संपते. पुढे दहा-पंधरा वर्षे गाडी रोज चालविली जाते आणि 'आपल्याला गाडी उत्तम येते' असा पक्का समज होतो. प्रत्यक्षात त्या वर्षांत सवय झालेली असते ती गाडी पळविण्याची. अचानक थांबविण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळीच येतो आणि त्याची तयारी कोणीच केलेली नसते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात उजाडण्यापूर्वी मी एका पीक प्रात्यक्षिकासाठी निघालो होतो. रस्ता रोजचा, पायाखालचा. वेग ५५-६० च्या आसपास. एका वळणानंतर उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच बंद पडलेली होती. दिवा नाही, पट्टी नाही, मागे ठेवलेले चार दगड तेवढे होते. मी सवयीप्रमाणे मागचा ब्रेक सगळ्या ताकदीने दाबला. मागचे चाक जागीच अडकले, गाडी आडवी झाली आणि मी घसरत जाऊन ट्रॉलीच्या चाकाजवळ थांबलो. गळपट्टीचे हाड मोडले, हेल्मेट एका बाजूने खरवडून निघाले. त्या दिवशी मला गाडी चालवून चौदा वर्षे झाली होती. त्या चौदा वर्षांत पुढच्या ब्रेकचा जोरात वापर करून मी एकदाही गाडी थांबवून पाहिली नव्हती.

अशी चूक करणारा मी एकटा नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघात झालेल्या चालकांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत सर्वसाधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळालेला होता. तेवढ्या वेळात अनेकांनी मागचे चाक अडकविले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नाही. तिकडचे रस्ते वेगळे, गाड्या मोठ्या, पण चूक मात्र आपलीच वाटावी अशी आहे.

आपल्याकडील परिस्थिती गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातील रस्त्यांवर झाले.

थांबण्यास किती अंतर लागते?

प्रथम थोडे गणित पाहू. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोरचा अडथळा डोळ्यांनी पाहून हात-पाय ब्रेकवर पोचण्यास साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक चांगले लावले तरी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. हेच अंतर ४० च्या वेगाला सुमारे २३ मीटर आणि ८० च्या वेगाला ७० मीटरच्या वर जाते. वेग ४० चा ८० झाला की प्रत्यक्ष ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

आता रात्रीचा विचार करा. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली, काळी म्हैस किंवा घोंगडी पांघरलेला माणूस ३०-४० मीटरच्या आत आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. साठच्या वेगाला थांबण्यासाठी ४५ मीटर हवेत. हिशेब जुळत नाही. म्हणून अंधारात, विशेषतः गळीत हंगामात, ४० च्या पुढे जाऊ नये. समोरून येणाऱ्या वाहनाचा अप्पर डोळ्यांवर आला तर त्याच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे आणि वेग आणखी उतरवावा. उसाच्या पट्ट्यात बैलगाड्यांच्या रांगा नेमक्या अशाच झगमगाटाच्या मागे असतात.

पुढच्या ब्रेकची भीती

शेतकरी मेळाव्यात हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "साहेब, पुढचा ब्रेक दाबला की गाडी तोंडावर आपटते." ही भीती निराधार नाही, पण अर्धवट आहे. गाडीचा वेग कमी होऊ लागला की सगळे वजन पुढे सरकते. उतारावर बैलगाडीचा भार बैलांच्या मानेवर येतो, तसेच हे आहे. त्यामुळे पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलके झालेले चाक ब्रेक लागताच अडकते आणि घसरते. म्हणून थांबविण्याची जास्त ताकद पुढच्या चाकातच असते. कोरड्या पक्क्या रस्त्यावर निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचा ब्रेक करतो.

गाडी पडते ती पुढचा ब्रेक एकदम हिसक्याने दाबल्यामुळे, हँडल वळलेले असताना दाबल्यामुळे, किंवा चाकाखाली खडी, वाळू अथवा चिखल असताना जोरात दाबल्यामुळे. ब्रेक पिळत नेला पाहिजे. गाईचे सड पिळताना आपण हिसका देत नाही, दाब वाढवीत नेतो, तसाच. गाडी सरळ असावी, दोन्ही ब्रेक एकाच वेळी लागावेत, आणि पुढच्या लिव्हरवरील दाब अर्ध्या-पाऊण सेकंदात वाढत जावा. मागचे चाक घसरू लागल्यास मागचा पाय किंचित सैल करावा. पुढचे चाक घसरल्याचे जाणवल्यास लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा हळू दाबावी.

एप्रिल २०१९ पासून विक्रीस येणाऱ्या १२५ सी.सी. वरील नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा, आणि १२५ सी.सी. पर्यंतच्या गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची करण्यात आली. त्याचा फायदा निश्चित आहे. परंतु सीबीएसमुळे चाक अडकणे पूर्णपणे थांबत नाही. आणि खेड्यात चालणाऱ्या असंख्य गाड्या त्याआधीच्या आहेत.

सराव कसा करावा?

यासाठी खर्च काहीच नाही. बाजार समितीचे सुट्टीच्या दिवशीचे मोकळे आवार, परवानगी घेऊन शाळेचे मैदान, किंवा रहदारी नसलेला पक्का रस्ता चालेल. हेल्मेट, बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून दोन आठवडे, दिवसाआड वीस मिनिटे सराव केला तरी फरक स्वतःला जाणवतो. लहान मुले व जनावरे आसपास नसावीत. शक्य तर सोबत एक जण असावा.

सुरुवात हळू चालविण्यापासून करावी. पळत्या गाडीचा तोल गाडी स्वतःच सांभाळते, चालकाची परीक्षा होते ती माणसाच्या चालीच्या वेगात. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट धरून, मागचा ब्रेक किंचित लावून, पाय न टेकवता वीस-पंचवीस पावले सरळ जावे. हे जमले की एक गुंठा जागेत, म्हणजे साधारण ३३ फूट बाय ३३ फुटांत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळून पाहावे. नजर पुढच्या चाकावर ठेवू नये, जिकडे जायचे तिकडे मान वळवून पाहावे. खड्ड्याकडे पाहत राहिले की गाडी खड्ड्यातच जाते, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला आहे.

त्यानंतर ब्रेक. चुन्याची एक आडवी रेघ मारावी. ताशी २० च्या वेगाने येऊन पुढचे चाक रेघेवर येताच दोन्ही ब्रेक लावावेत आणि गाडी थांबली तेथपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. आठ-दहा वेळा केल्यावर वेग ३० करावा. ३० च्या वेगाला दोन्ही ब्रेक नीट लागल्यास सुमारे ७ मीटर, म्हणजे नऊ-दहा पावलांत गाडी थांबली पाहिजे. मग एकदा फक्त मागचा ब्रेक लावून पाहावा. अंतर जवळजवळ दुप्पट भरते. हा फरक पावलांनी मोजलेला माणूस पुन्हा पुढच्या ब्रेकला घाबरत नाही, असा आमचा अनुभव आहे. मैदान मातीचे असेल तर अंतर वाढते आणि चाक लवकर घसरते. तेथे वेग २० च्या वर नेऊ नये.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चमत्कारिक वाटते. पंचवीस-तीसच्या पुढे वेग असताना डावीकडे झुकायचे असेल तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते, उजवीकडे जायचे तर उजवी. हे आपण नकळत करीतच असतो, पण माहीत नसल्यामुळे ऐन वेळी कुत्रे आडवे आले की हात ताठ होतात आणि गाडी वळतच नाही. मोकळ्या जागेत दोन विटा ठेवून, मूठ ढकलून एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून त्या चुकविण्याचा सराव करावा. ब्रेक आणि चुकविणे ही दोन कामे एकाच क्षणी करू नयेत. आधी वेग कमी करावा, ब्रेक सोडावा, मग वळावे.

ज्यांची एकदा पडझड होऊन मनात धास्ती बसली आहे त्यांनीही याच क्रमाने पुन्हा सुरुवात करावी. गावातील अनेक भगिनी आता दुचाकी चालवितात. त्यांना शिकविताना भर रस्त्यावर नेऊन "काही होत नाही, चालव" असे म्हणणे योग्य नाही. मैदानात आठचा आकडा आणि नऊ पावलांत थांबणे साधले की धीर आपोआप येतो. याउलट घरातील तरुण मुलाला धीर भरपूर असतो, त्याला मोजलेली पावले दाखवावीत. तोंडी उपदेशाचा उपयोग होत नाही, हे वडील मंडळींना सांगण्याची गरज नाही. अर्थात वय आणि परवाना नसताना मुलाच्या हाती गाडी देणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार त्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तुरुंगवासही होऊ शकतो.

झोप आणि फवारणी

शहरी पुस्तकांत न सापडणारी दोन कारणे येथे मुद्दाम सांगावीशी वाटतात. पहिले म्हणजे जागरण. शेतीची वीज रात्रपाळीची असली की शेतकरी मध्यरात्री दारे धरतो आणि पहाटे पाचला तसाच दुधाचे कॅन घेऊन निघतो. अशा माणसाला समोरचे दिसते, पण हात उशिरा हलतो. वर ब्रेकपूर्वीचा जो एक सेकंद धरला आहे त्याचे सहज दोन होतात. पाण्याची पाळी असेल त्या आठवड्यात दूध पोचविण्याचे काम घरातील दुसऱ्याने किंवा शेजाऱ्याने आलटून-पालटून करावे.

दुसरे कारण फवारणी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा अंश कातडीवाटे किंवा श्वासावाटे शरीरात गेल्यास डोळ्यांची बाहुली बारीक होते, अंधुक दिसते, डोके दुखते, घाम व चक्कर येते. कपाशीवर दिवसभर फवारून संध्याकाळी अंगावरच्या त्याच कपड्यांनी गाडीवर बसणे धोक्याचे आहे. कपडे बदलावेत, साबणाने हात-तोंड व अंग धुवावे, आणि वरीलपैकी एकही लक्षण असल्यास गाडी चालवू नये. दुसऱ्या कोणाच्या सोबतीने थेट दवाखाना गाठावा आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे.

ओझे आणि मागे बसणारी व्यक्ती

चाळीस लिटरचा भरलेला एक कॅन, कॅनच्या वजनासह, पंचेचाळीस किलोच्या घरात जातो. असे दोन कॅन आणि चालक मिळून दीडशे किलोच्या वर वजन होते. गाडीच्या माहिती पुस्तिकेत किती भार चालतो ते दिलेले असते, ते एकदा पाहावे. लहान गाड्यांना एवढा भार पेलण्यासाठी केलेलेच नसते. नेणे भागच असेल तर मागच्या टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवावी, दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे आणि थांबण्याचे अंतर नेहमीपेक्षा जास्त धरून चालावे. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध वळणावर हेलकावते व गाडीला ओढते. कॅन रिकामे असले तरी झाकणे घट्ट असावीत.

वाढ्याचा किंवा मक्याचा आडवा भारा ही तर नेहमीची गोष्ट. त्याने मागचा दिवा पूर्ण झाकला जातो आणि समोरून येणाऱ्याला रुंदीचा अंदाज येत नाही. भारा उभा व अरुंद बांधावा, आणि दिवस असताना आणावा. पाठीवर भरलेला फवारणी पंप घेऊन गाडी चालवू नये. सोळा लिटर पाणी खांद्याच्या उंचीवर असले की गाडी कलली तर सावरता येत नाही. विळा, खुरपे उघडे खोचून नेऊ नये.

मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी पकडण्यास दांडी, पायटे आणि मागच्या चाकावर साडी गार्ड असणे नियमानुसार आवश्यक आहे. कॅनसाठी कॅरिअर बसविताना हे गार्ड काढून टाकले जाते आणि पुढे त्याच गाडीवर घरची मंडळी जत्रेला जातात. साडीचा पदर, ओढणी, उपरणे किंवा थंडीतली शाल चाकात अडकून झालेले अपघात जवळजवळ प्रत्येक तालुक्यात ऐकावयास मिळतात. पदर खोचून घ्यावा, शाल बांधून घ्यावी. कायद्याने मागे एकच व्यक्ती बसू शकते.

हेल्मेट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट चालक व मागे बसणारा या दोघांनाही सक्तीचे आहे. जगातील अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. 'मळा तर दोन किलोमीटरवर आहे' हे कारण सर्वांत जास्त ऐकू येते. डोके आपटण्यासाठी दोन किलोमीटर लागत नाहीत. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह व आयएस ४१५१ हा क्रमांक असावा. जून २०२१ पासून असे चिन्ह नसलेली हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी हेल्मेट मिळतातच. ती घेऊ नयेत. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल तर हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जाते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतील थर्माकोलचा थर एकदाच धक्का झेलतो.

रस्त्यात अपघात दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. जखमीचा श्वास अडत नसेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये, वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही, तशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच करण्यात आली आहे. कोर्टकचेरीच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे आता कारण नाही.

ट्रॉली मालकांसाठी

ज्या ट्रॉलीवर मोटारसायकली आदळतात त्या ट्रॉल्याही आपल्यापैकीच कोणाच्या तरी असतात. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागील बाजूस लाल, कडेला पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावावी. पट्टी उसाच्या लोंबणाऱ्या मोळ्यांनी झाकली जाणार नाही अशा उंचीवर असावी. बैलगाडीच्या साटीला व जुवालाही ती चिकटविता येते. पट्टीवर चिखल व मळी बसली की ती चमकत नाही, म्हणून दर खेपेला फडक्याने पुसावी. ट्रॉली बंद पडल्यास ती साइड पट्टीवर घ्यावी, तीस-चाळीस पावले मागे बॅटरी घेऊन माणूस उभा करावा, आणि ट्रॉली हलविल्यावर चाकांना लावलेले दगड रस्त्यातून आठवणीने उचलावेत. दसऱ्याला औजारे धुऊन पूजेला लावतो, त्याच दिवशी ट्रॉलीच्या पट्ट्या व मागचे दिवे तपासून घेतल्यास हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम उरकते.